टायमिंग चेनची प्लॅस्टिक पट्टी: फिरत्या मेसेजमधल्या पाच चुका

नाशिकमधल्या गाडीमालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. सारांश असा: टायमिंग चेन जन्मभराची असते. थंडीत खडखडली तर जाड ऑइल टाका. आतल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या ही कंपनीची काटकसर, त्या लोखंडी करून घ्या. फारच आवाज आला तर नुसता टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) बदला. आणि बेल्टच्या गाडीला ही भानगडच नाही. हे ऐकून वागलं तर इंजिन उघडायची वेळ येते, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी रचना. क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी, ही जुळणी, म्हणजेच टायमिंग, चेन सांभाळते. क्रँक ज्या बाजूने चेन ओढतो ती बाजू ताठ असते. तिथे बोल्टांनी पक्की बसवलेली गाइड पट्टी असते. दुसऱ्या बाजूला चेन सैल पडते, म्हणून तिथे किंचित बाक असलेली, एका टोकाला पिनवर झुलणारी टेन्शनर पट्टी असते. टेन्शनरचा दट्ट्या तिला पाठीमागून चेनवर दाबून धरतो. हा दट्ट्या चालतो स्प्रिंगवर आणि इंजिन ऑइलच्या प्रेशरवर.

म्हणूनच ‘जन्मभर’ हा शब्द अर्धवट आहे. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनात चेन खरंच लाख किलोमीटरच्या पुढे जाते. पण डिझेलची काजळी ऑइलमध्ये साठत गेली की ती चेनच्या पिना आणि बुश घासत राहते. सिडकोतून सातपूरला रोज तेवढीच छोटी फेरी मारणाऱ्या पेट्रोल गाडीत ऑइल पुरतं गरम होत नाही, त्यात पेट्रोल मिसळून ते पातळ होतं. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर बघून नाही, महिने मोजून बदलावं.

जाड ऑइलचा सल्ला सगळ्यांत घातक. जानेवारीत निफाडचा पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो. अशा पहाटे स्टार्टर मारला की पहिले एक-दोन सेकंद पट्टी नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर उभी असते, कारण ऑइल अजून टेन्शनरपर्यंत पोचलेलं नसतं. पातळ ५डब्ल्यू-३० ग्रेडच्या जागी जाड २०डब्ल्यू-५० भरलं तर ते टेन्शनरच्या बारीक छिद्रातून आणखी उशिरा पोचतं आणि तेवढा वेळ चेन पट्टीवर आपटत राहते. गरम झाल्यावर जाड ऑइलने आवाज दबतो, मालकाला वाटतं काम झालं. पुस्तिकेत लिहिलेला ग्रेडच भरा. डिपस्टिकवर पातळीही बघा, कारण ऑइल कमी असलं की पंप हवा ओढतो, हवा दाबली जाते आणि दट्ट्या स्पंजसारखा मऊ पडतो.

आता प्लॅस्टिक. ते साधं प्लॅस्टिक नाही, उष्णता सोसणारं नायलॉन आहे. पाठीला बहुधा काचतंतू मिसळलेलं नायलॉन किंवा ॲल्युमिनियम असतं. १८ दात्यांचा क्रँक स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) आणि ८ मिमी पिचची (दोन कड्यांमधलं अंतर) चेन धरा: ३,००० आरपीएमला चेन सेकंदाला ७ मीटरहून जास्त वेगाने पट्टीवरून घसरते. तिथे लोखंडावर लोखंड घासलं तर चेनच्या कड्या झिजतील, लोखंडाचा भुगा ऑइलमध्ये जाईल. पट्टी मऊ ठेवली आहे ती चेन वाचावी म्हणून. तिच्यावर कड्यांच्या दोन हलक्या रेषा दिसणं ठीक आहे. खोल खाचा, चिरा किंवा खालचा धातू दिसला की बदला. जुनं, जळकं ऑइल आणि उष्णता यांनी नायलॉन ठिसूळ होतं. तुकडे चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) पडून पंपाची जाळी तुंबते, प्रेशर घसरतं, टेन्शनर आणखी ढिला पडतो आणि बेअरिंगही जातात. ऑइल बदलताना जुना फिल्टर कापून बघा. घडीत तपकिरी किंवा काळे कडक तुकडे सापडले तर टायमिंग कव्हर उघडायला हवं.

नुसता टेन्शनर बदलून सैलपणा जातो, चुकलेलं टायमिंग नाही. ताठ बाजूला ३२० मिमी चेन आहे आणि ती अर्धा टक्का वाढली आहे असं समजा. तिथे १.६ मिमी लांबी वाढली. ३६ दात्यांच्या कॅम स्प्रॉकेटवर ती २ अंश भरते, म्हणजे क्रँकचे ४ अंश. नवा टेन्शनर सैल बाजू दाबतो. ताठ बाजूची वाढ तशीच राहते, कॅम मागेच राहतो. म्हणून चेन, दोन्ही पट्ट्या, टेन्शनर एकदमच बदलायचे, आणि स्प्रॉकेटचे दाते झिजलेले असले तर तेही.

बेल्टबद्दल थोडक्यात: कोरड्या बेल्टला पट्टीऐवजी टेन्शनर पुली असते, तीही बेल्टसोबतच बदलायची. ऑइलमध्ये फिरणारा बेल्ट असेल तर चुकीच्या ऑइलने रबर सुटतं आणि तीच जाळी तुंबते.

काम करून घेताना हे बघा. कॅम-क्रँक लॉक करूनच चेन उतरवावी. क्रँक कधीही उलटा फिरवू नये: ताण टेन्शनरच्या बाजूला येतो, दट्ट्या मागे ढकलला जातो आणि चेन दाता सोडू शकते. (सप्तशृंगी गडाच्या वाटेवर चढाला तोंड करून, नुसत्या पहिल्या गिअरवर गाडी उभी करतात, ती मागे सरकली तर इंजिन असंच उलटं फिरतं. आधी हँडब्रेक, मग गिअर.) गाइडचे सहा मिमीचे बोल्ट टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्यालाच, साधारण १० न्यूटन-मीटर, जास्त आवळले की ॲल्युमिनियममधला आटा जातो. टेन्शनरचा दट्ट्या आत दाबून धरणारी पिन काढल्यावर क्रँक सरळ दिशेने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळवाव्यात. कव्हर लावण्याआधी पट्टी अंगठ्याने दाबून बघा. ती सैल हलत असेल तर दट्ट्या सुटलेलाच नाही. काही टेन्शनर एकदा आत दाबल्यावरच सुटतात.