नुसती ई-केवायसी पुरत नाही
पीएम किसानचा (केंद्राच्या शेतकरी मदत योजनेचा) हप्ता ई-केवायसीअभावी, म्हणजे आधारवरून ओळख न पटवल्यामुळे अडकतो, असं म्हणतात; ते अर्धंच खरं. केवायसी झालेल्यांचेही २००० रुपये गायब असतात, कारण ते आधारला शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जातात. मध्येच दुसरीकडे (हल्ली मोबाईलवरसुद्धा!) खातं उघडून आधार जोडलं असेल तर रक्कम तिकडे. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' (आधारला कोणती बँक जोडली आहे ते) बघा. बँक चुकीची दिसली तर हव्या त्या शाखेत डीबीटीचा (सरकारी पैसे थेट खात्यात घेण्याचा) संमती अर्ज भरा. नुसती आधारची झेरॉक्स देऊन भागत नाही.

खरी गोम जमिनीची. १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदी केलेली जमीन धरत नाहीत, वारसाने आलेली धरतात. पण वारस फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढल्याशिवाय सेतूत कितीही अंगठे द्या, उपयोग शून्य. आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा हप्ताही पीएम किसानच्याच लाभार्थी यादीवरून निघतो.