छप्पन्नाव्या वर्षी नवे गाणे

2024 च्या डिसेंबरात मी पुण्यात होतो आणि सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपातून रात्री घरी परतताना गाडीत वाद झाला. गाडी माझा भाचा चालवत होता. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि हिंदी-मराठीत रॅप लिहितो. त्याच्या शेजारी माझे काका बसले होते, ज्यांनी रमणबागेतल्या सवाईत सतरंजीवर बसून कितीतरी रात्री काढल्या आणि ज्यांना तो महोत्सव मुकुंदनगरला गेल्याचे अजूनही पटलेले नाही. मी मागून माझ्या फोनवरचे एक गाणे गाडीत लावले. एल. एल. कूल जे या अमेरिकन रॅपरचा 'द फोर्स' हा अल्बम त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आला होता आणि त्यातले ते गाणे होते. कलावंत छप्पन्न वर्षांचा आहे आणि मधली काही वर्षे तो टीव्हीवरचा नट होता, एवढे मी सांगितले. भाचा म्हणाला, "छप्पन्न? रॅपमध्ये? मामा, काहीही!" काका म्हणाले, "छप्पन्न म्हणजे आता कुठे गळा तयार झाला असेल. पण हे गाणं आहे की भांडण?"

या दोन वाक्यांनी माझा पुढचा सगळा प्रवास खाल्ला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहून मला आता दोन दशके झाली आहेत. हा रॅपर त्याच क्वीन्समधल्या सेंट ऑल्बन्सचा. तिथे भुयारी रेल्वे पोहोचत नाही, जमैका स्थानकावर उतरून पुढे बस पकडावी लागते. आजोळच्या घरात तो वाढला, आजोबांनी त्याला संगीताची यंत्रसामग्री घेऊन दिली आणि 1984 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, डेफ जॅम या तेव्हा नुकत्याच उभ्या राहणाऱ्या कंपनीकडून त्याचे पहिले गाणे निघाले. विशीच्या सुरुवातीलाच त्याच्यावर 'संपला' असा शिक्का बसला होता. तेव्हा आजीने टीकाकारांना चीत करून ये म्हणून सांगितले आणि 1990 मध्ये त्याने तेच शब्द गाण्यात घेतले. याला पुनरागमन म्हणू नका, असे त्या गाण्याच्या आरंभीच त्याने बजावले होते. म्हणजे परत येण्याचा प्रश्न या माणसाला नवा नव्हता.

त्यानंतर चित्रपट आले, विनोदी मालिका आली, ग्रॅमी सोहळ्याचे सूत्रसंचालन आले, आणि 2009 पासून 2023 पर्यंत एका गुप्तहेरी मालिकेत तो चौदा पर्वे नौदलातून आलेल्या तपास अधिकाऱ्याचे काम करत राहिला. या काळात 2013 मध्ये एक अल्बम आला आणि फारसा रेंगाळला नाही. 2016 च्या मार्चमध्ये त्याने संगीतातून निवृत्ती जाहीर केली, आणि लगेच, आता नव्या अल्बमचे काम सुरू करतो आहे, असे सांगून ती मागेही घेतली. आमच्याकडे राजकारणातल्या निवृत्त्यांची जी गत असते तीच ही, असे मला तेव्हा वाटले होते.

नवा अल्बम काही यायचा नाही, हा संशय 2022 मध्ये पक्का झाला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्स स्टेडियममध्ये जुन्या हिप-हॉपचा मोठा महोत्सव भरवला. माझ्या घराच्या खिडकीपर्यंत आवाज येत होता. बायको खिडक्या लावत होती आणि मी त्या पुन्हा उघडत होतो. गाणी सगळी ओळखीची, रस्त्यावरून जाणारी गर्दी बहुतेक माझ्या वयाची, पोटे सुटलेली, टोप्या मात्र तरुणपणीच्या. मला वाटले की हा मनुष्य आता आठवणींवरचे व्याज खाणार, आणि त्यात वावगे काही नाही.

दोन वर्षांनी आलेला अल्बम मात्र व्याजाचा नव्हता. त्याची जवळजवळ सगळी निर्मिती क्यू-टिप याने केली आहे. तोही सेंट ऑल्बन्समध्येच वाढलेला, वयाने दोन वर्षांनी लहान आणि स्वतःच्या गटाच्या कामामुळे हिप-हॉपमध्ये फार आदराचे स्थान असलेला कलावंत. रॅप नव्याने शिकावा लागला, असे एल. एल. कूल जेने मुलाखतींत मोकळेपणाने सांगितले. पन्नाशी ओलांडलेल्या, घरोघरी चेहरा पोहोचलेल्या माणसाने आपल्याच पेठेतल्या धाकट्या माणसापुढे पुन्हा श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे तोडायचा, हे शिकायला बसावे, याला काकांच्या भाषेत रियाज म्हणतात, आणि हे मी त्यांना त्या रात्री सांगितले असते तर कदाचित वाद अर्ध्या वाटेतच मिटला असता. पण मला ते सुचले विमानात.

अल्बम सर्वत्र सारखा उत्तम आहे असे मी म्हणणार नाही. तरुण रॅपर सवीटीबरोबरचे लाडिक गाणे मला जुन्या सवयीचे वाटले. ज्या हळव्या गाण्यांनी एकेकाळी त्याला लोकप्रियता दिली, त्यांची ती फिकी प्रत आहे. एमिनेमबरोबरची जुगलबंदी मात्र खरोखरच जुगलबंदी आहे, दोघेही एकमेकांना मात्रेचीही सवलत देत नाहीत. एका गाण्यात सोना जोबार्तेह हिचा कोरा ऐकू येतो. कोरा हे पश्चिम आफ्रिकेतले एकवीस तारांचे वाद्य आहे आणि पिढ्यान् पिढ्या वंशावळी व इतिहास गाणाऱ्या घराण्यांत ते वाजवले जाते. तिथे हा रॅपर आपल्या लोकांच्या खाण्यापिण्याच्या, चालीरीतींच्या, टिकून राहण्याच्या खुणा मोजत जातो. मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेले गाणे मात्र 'थर्टी डिसेंबर्स' हे आहे. तीस वर्षे तुरुंगात काढून बाहेर आलेला माणूस आपल्या बदललेल्या शहरातून फिरतो, एवढेच त्याचे कथानक. दर एक-दोन वर्षांनी डिसेंबरात पुण्याला उतरणाऱ्या आणि लक्ष्मी रस्त्यावरचे ओळखीचे दुकान कुठे गेले म्हणून विचारणाऱ्या माणसाने स्वतःची तुलना कैद्याशी करू नये, हे मला कळते. तरीही ते गाणे मी दांडेकर पुलावरच्या वाहतुकीत अडकलेलो असताना लागोपाठ तीनदा ऐकले.

आता पुण्यातल्या वादाकडे येतो. तो दुहेरी आहे. रॅप हे संगीत आहे का, हा त्याचा पहिला पदर. 2023 च्या एप्रिलमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत चित्रित झालेल्या एका रॅप गाण्यातल्या शिव्यांवरून गुन्हा दाखल झाला, तेव्हा घरी फोन केला की प्रत्येक जण त्याच विषयावर बोले. परवानगी नसताना चित्रीकरण झाले, हा प्रशासनाचा प्रश्न. पण चर्चा मात्र एका गाण्यावरून सबंध प्रकारावर निकाल देण्याची होती. दुसऱ्या बाजूचे लोक रॅपचा बचाव करताना 'पोवाडा म्हणजे आपला रॅपच' असे म्हणतात. हा युक्तिवाद मला सोयीचा आणि आळशी वाटतो. पोवाड्यात शाहीर दुसऱ्याच्या पराक्रमाची कथा सांगतो; रॅपर बहुधा स्वतःची, स्वतःच्या गल्लीची सांगतो. फार तर कलगी-तुऱ्यातले सवाल-जवाब रॅपच्या चढाओढीच्या जवळ जातात. रॅपला रॅप म्हणून ऐकता येते, त्यासाठी त्याला पागोटे घालण्याची गरज नाही. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरून आलेल्या एमसी स्टॅन या रॅपरने पागोटे न घालताच देशभर श्रोते मिळवले आहेत.

वादाचा दुसरा पदर मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एमसी स्टॅन 2023 च्या फेब्रुवारीत 'बिग बॉस'चे सोळावे पर्व जिंकला तेव्हा भाच्याच्या मित्रांत, आता तो रॅपर राहिला की टीव्हीवाला झाला, असे तट पडले. काकांच्या पिढीत हाच प्रश्न नाटकातल्या नटांबाबत विचारला जातो: मालिकेत गेला, मुंबईला घर घेतले, संपला. दोन्ही पिढ्या एकमेकींचे संगीत ऐकत नाहीत, पण कलावंताने उंबरठा ओलांडला की त्याच्या नावाने पाणी सोडण्यात त्यांचे एकमत आहे. आणि तोच कलावंत परत आला की आम्ही पुणेकर त्याचा सत्कार करतो. शाल येते, श्रीफळ येते, पुणेरी पगडी येते, तीन भाषणे होतात आणि मग त्याला विनंती केली जाते ती वीस वर्षांपूर्वीच्या गाण्याची.

या गोष्टीचा पुण्यातला सर्वांत मोठा दाखला बालगंधर्वांचा आहे. कर्जात बुडालेली नाटक कंपनी पाठीशी असताना त्यांनी 'प्रभात' या चित्रपट कंपनीबरोबर करार केला. 'प्रभात' 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली होती आणि आज त्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट आहे. 1935 च्या 'धर्मात्मा'त व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. ज्यांना सिंधू आणि भामिनी या नाटकांतल्या नायिका म्हणून पाहिले त्यांना पुरुषवेशात पाहणे प्रेक्षकांना अवघड गेले, आणि त्यांचे स्वतःचेही मन कॅमेऱ्यापुढे रमले नाही. ते रंगभूमीवर परतले, सत्तेचाळिशी गाठलेली असताना, पुन्हा स्त्रीभूमिका करण्यासाठी. परंतु ते परतले तेव्हा मागची जमीनच खचत होती, कारण बोलपटांनी संगीत नाटकाचा प्रेक्षक नेला होता. 1967 मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे रंगमंदिर उघडले. ते रंगमंदिर पाडून नवे बांधावे की नाही यावर अलीकडे पुण्यात किती शाई सांडली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या चर्चेत पार्किंगचा जितका उल्लेख झाला तितका गाण्याचा झाल्याचे मला आठवत नाही, पण हा विषय वेगळा.

बालगंधर्व खचणाऱ्या कलेत परतले, एल. एल. कूल जे त्याला मागे टाकून पुढे गेलेल्या कलेत परतला. 11 ऑगस्ट 1973 रोजी ब्रॉन्क्समधल्या एका इमारतीत झालेल्या मेजवानीपासून हिप-हॉपचा जन्म मोजतात; म्हणजे ही कला त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे. तिच्यात म्हातारे होण्याची रीतच अजून पडलेली नाही. गवयाने सत्तरीत मंद्र सप्तकातल्या षड्जावर थांबावे आणि मंडप स्तब्ध व्हावा, याची पुण्याला सवय आहे. चाळिशीनंतर रॅप करणाऱ्याकडे न्यूयॉर्कमध्ये आतापर्यंत कीव करूनच पाहिले गेले. या बाबतीत काकांचा कान भाच्यापेक्षाच नव्हे, तर माझ्या क्वीन्समधल्या शेजाऱ्यांपेक्षाही अधिक प्रगल्भ आहे. त्यांना आवाज पिकण्याची वाट पाहता येते.

परदेशात सारे आलबेल आहे, अशी तक्रारवजा बढाई मला मारायची नाही. माझ्या ऑफिसातल्या पंचविशीतल्या मुलांनी हा अल्बम ऐकलाच नव्हता. त्यांच्यातल्या एकाने 'तो मालिकेतला पोलीस ना?' असे विचारले. केनेडी सेंटरचा सन्मान मिळवणारा तो पहिला रॅपर, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनेही त्याचा गौरव केला. तिथली शाल-श्रीफळे ती हीच. फरक इतकाच की तो त्यांच्यावर थांबला नाही, आणि थांबला असता तर कुणाचे फारसे बिघडलेही नसते. त्याला पैशांची गरज नव्हती, नावाची नव्हती. बालगंधर्वांना दोन्हींची होती, हेही विसरता कामा नये. गरज नसताना शिकणे सोपे असते, असे काका म्हणतील, आणि त्यांचे बरोबर असेल.

सर्वांत मोठे गुन्हेगार मात्र आम्ही, पुण्याबाहेर जाऊन पुणे जपणारे लोक. काही वर्षांपूर्वी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एक गायक-नट आले होते. बरीच वर्षे मालिकांत काढून ते पुन्हा गाण्याकडे वळले होते आणि त्यांनी नव्या कवितांना चाली लावल्या होत्या. दुसरे नवे गाणे सुरू होताच मागून मालिकेच्या शीर्षकगीताची फर्माईश झाली. फर्माईश करणाऱ्यांत मी होतो. त्यांनी हसून ते गायले, टाळ्या पडल्या आणि उरलेली नवी गाणी पेटीबरोबर बंद झाली. 'थर्टी डिसेंबर्स' ऐकताना मला त्यांचे ते हसू आठवले होते, हे मी गाडीत कुणाला सांगितले नाही.

यंदा कार्यक्रम समितीत मी आहे. पाहुण्या कलावंताने निम्मी गाणी नवी गावीत आणि पहिल्या अर्ध्या तासात फर्माईश घेऊ नये, असा प्रस्ताव मी बैठकीत मांडला. त्यावर बरीच चर्चा झाली. वर्गणीदार नाराज होतील, तिकिटे उठणार नाहीत, लहान मुले कंटाळतील, असे मुद्दे आले, आणि ते सारेच काही चुकीचे नव्हते. शेवटी दोन नवी गाणी मंजूर झाली. ती मध्यंतरानंतर, म्हणजे जेवणाची रांग लागते त्या वेळी, ठेवावीत असे ठरले आहे.