कुठल्या पक्षाचे? आधी साल सांगा

मागच्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर पुलंवरून भांडण लागलं आणि ते तब्बल तीन दिवस चाललं. कुणीतरी एक फॉरवर्ड टाकला होता, पुलं आज असते तर त्यांनी कुणाला मत दिलं असतं असा, आणि खाली उत्तरही त्यानंच देऊन टाकलेलं. झालं, मावसभाऊ म्हणाला की १९७७ ला पुलंनी जनता पक्षासाठी सभा गाजवल्या, जनता पक्षात जनसंघ होता, म्हणजे पुलं आमचेच. त्यावर आतेबहिणीनं १९९६ काढलं. त्या वर्षी महाराष्ट्र भूषण मिळाल्यावर पुलंनी युती सरकारबद्दल जी नाराजी बोलून दाखवली आणि बाळासाहेबांनी त्यांच्यावर जी जाहीर टीका केली ते सगळं, म्हणजे पुलं तुमचे कधीच नव्हते. मग वहिनी मध्ये पडल्या, अहो त्या माणसानं आपल्याला आयुष्यभर हसवलं, त्यांना कशाला राजकारणात ओढताय.

मी न्यू जर्सीत २२ वर्षं आहे. ग्रुपवर भांडण पेटतं तेव्हा माझी सकाळ असते, ऑफिसच्या गाडीत बसून वाचते आणि बहुतेक वेळा गप्प बसते. या वेळी मात्र राहवेना, कारण मला तिघांचंही पटलं नाही आणि सगळ्यात कमी पटलं ते वहिनींचं, ज्या बिचाऱ्या फक्त भांडण मिटवत होत्या.

इथल्या एका साध्या गोष्टीपासून सुरुवात करते. सिटिझनशिपची शपथ झाली त्या दिवशी हॉलच्या बाहेर एक बाई टेबल टाकून बसल्या होत्या, मतदार नोंदणीचे फॉर्म घेऊन. त्या फॉर्मवर नाव, पत्ता, जन्मतारीख आणि त्याखाली एक रकाना, तुमचा पक्ष कोणता. सगळ्या राज्यांत अशी पद्धत नाही, पण न्यू जर्सीत आहे. तुम्ही डेमोक्रॅट, रिपब्लिकन किंवा कुठल्याच पक्षाचे नाही असं लिहू शकता, मत गुप्तच राहतं, पण नोंद सरकारी यादीत जाते. माझा हात तिथे पाच मिनिटं थांबला होता. आमच्या घरी बाबांनी मत कुणाला दिलं हे आईलाही माहीत नसायचं, आणि इथे एक अनोळखी बाई पेन पुढे करून पक्ष विचारतेय. देणग्यांचंही तसंच, राष्ट्रीय निवडणुकीत एखाद्या उमेदवाराला २०० डॉलरच्या वर पैसे दिले की तुमचं नाव कुणालाही बघता येतं, मग तुम्ही नट असा नाहीतर शाळामास्तर.

त्यामुळे इथली माणसं जुन्या कलाकारांचे पक्ष सहज सांगतात, जसं आपण कोण कुठल्या घराण्याचं गातं ते सांगतो. फ्रँक सिनात्रा १९६० ला केनेडीसाठी राबला, शपथविधीचा मोठा जलसा त्यानंच उभा केला, आणि २० वर्षांनी रेगनचा जलसाही त्यानंच केला. रेगन स्वतः नटांच्या युनियनचा अध्यक्ष, १९४८ ला डेमोक्रॅट ट्रुमनचा प्रचारक, १९६२ ला रिपब्लिकन झाला. हे कुणी दबक्या आवाजात सांगत नाही. पण नुसतं सांगून काय कळतं, हा प्रश्न मला पडायला एक बेसबॉलची मॅच कारण झाली.

१५ एप्रिलला इथे बेसबॉलच्या सगळ्या टीमचे सगळे खेळाडू पाठीवर ४२ नंबर घालून उतरतात. जॅकी रॉबिन्सनचा नंबर. १५ एप्रिल १९४७ ला तो ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळला आणि मोठ्या लीगमधली काळ्या खेळाडूंवरची तेव्हाची बंदी मोडली. त्याआधीच्या वर्षी, मेन टीममध्ये घेण्यापूर्वी त्याला माँट्रियलच्या टीममध्ये ठेवलेलं, आणि तिथली पहिली मॅच तो खेळला ती आमच्या जर्सी सिटीत, हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. लेकाला घेऊन मी न्यूयॉर्कच्या सिटी फील्ड स्टेडियमला मॅच बघायला गेले होते, सोबत आमच्या ऑफिसातून रिटायर झालेले एक गृहस्थ, काळे, वय पंचाहत्तरच्या पुढे. थंडी मरणाची. लेकानं फोनवर कुठेतरी वाचलं आणि त्यांना विचारलं, जॅकी रॉबिन्सननं निक्सनचा प्रचार केला होता हे खरं का? मला वाटलं त्यांना राग येईल. ते म्हणाले, हो, पण कुठल्या वर्षी ते विचार.

आणि मग मॅच बाजूला राहिली. १९६० साली दक्षिणेतले डेमोक्रॅट म्हणजे काळ्यांना मत देऊ न देणारे लोक. रिपब्लिकन हा लिंकनचा पक्ष, या गृहस्थांचे वडील त्याच कारणानं तोवर त्या पक्षाला धरून होते. अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट केनेडी आणि रिपब्लिकन निक्सन समोरासमोर होते, रॉबिन्सनला केनेडीचा भरवसा वाटेना, निक्सनचा वाटला. ऐन प्रचारात ऑक्टोबरमध्ये मार्टिन ल्यूथर किंगना जॉर्जियात तुरुंगात टाकलं, केनेडीनं त्यांच्या बायकोला फोन केला, निक्सन गप्प राहिला, रॉबिन्सननं त्याला बोलायला सांगूनही. तरी रॉबिन्सन त्याच्याबरोबर राहिला. मग १९६४. रिपब्लिकनांनी गोल्डवॉटरला उभं केलं, ज्यानं नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात रॉबिन्सन हजर होता, गोल्डवॉटरचा पक्षातलाच प्रतिस्पर्धी रॉकफेलर याच्या बाजूनं, आणि रॉकफेलर बोलायला उभा राहिला तर त्याच्याच पक्षाच्या लोकांनी त्याची हुर्यो उडवली. १९६८ ला रॉबिन्सननं निक्सनविरुद्ध डेमोक्रॅट हम्फ्रीला पाठिंबा दिला. "माझ्या वडिलांनीही १९६४ नंतर त्या पक्षाला मत दिलं नाही," ते गृहस्थ म्हणाले, "पण १९६० चं मत चुकलं असंही ते कधी म्हणाले नाहीत."

पाय गारठले होते आणि मला एकदम बाळू पालवणकर आठवले.

बाळूंची गोष्ट आपण हल्ली सांगायला लागलोय, ते बरंच झालं. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात पिचवर रोलर फिरवणारा चर्मकार समाजातला मुलगा, नेटमध्ये साहेबांना बॉल टाकता टाकता असा डावखुरा स्पिनर झाला की हिंदूंच्या टीमला (तेव्हा टीम धर्मावरून असायच्या) त्याला घ्यावंच लागलं. मैदानावर सगळे बरोबर, पण चहाच्या वेळी त्याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ ला भारताची टीम इंग्लंडला गेली, टीम धडाधड हरत होती आणि बाळूंनी ११४ विकेट काढल्या. हिंदूंच्या टीमची कॅप्टनशिप त्यांना मिळाली नाही ती नाहीच, ती मिळाली १९२३ ला त्यांचा भाऊ विठ्ठल याला. तरुण आंबेडकरांना बाळूंचा अभिमान होता. इथवर सगळे सांगतात आणि इथेच थांबतात.

पुढचं असं आहे की १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे, वेगळ्या मतदारसंघांच्या प्रश्नावर ते आणि बाबासाहेब वेगळ्या बाजूंना होते, आणि १९३७ च्या मुंबई असेंब्लीच्या निवडणुकीत काँग्रेसनं बाळूंना थेट बाबासाहेबांच्या विरुद्ध उभं केलं. बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाकडून. बाळू हरले, साधारण दोन हजार मतांनी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगते, मला नको वाटलं ते. ज्या माणसासाठी जीव तुटतो त्याचं नाव बाबासाहेबांसमोरच्या उमेदवाराच्या जागी बघायचं नव्हतं मला. पण मग वाटलं, माझ्या बरं वाटण्यासाठी त्यांचं अर्धं आयुष्य झाकायचा मला काय अधिकार? आधी मैदानात त्यांना बाहेर चहा पाजला, आता इतिहासात त्यांचं राजकीय मत बाहेर ठेवायचं. बाळूंना १९३७ ला काँग्रेसच्या आतून काही होईल असं वाटलं होतं, जसं रॉबिन्सनला १९६० ला निक्सनकडून. मला स्वतःला त्या निवडणुकीत बाबासाहेबच बरोबर वाटतात, तरीही बाळूंचा विचार मला पूर्ण कळायला हवाय.

म्हणून वहिनींचं मला पटत नाही. कलाकाराला राजकारणापासून लांब ठेवा म्हटलं तर अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्याकडचं काय उरेल? लाल बावटा कलापथक हे नावातच पक्ष घेऊन फिरत होतं. ती डफावरची थाप कम्युनिस्ट पक्षाच्या सभेत, गिरणी कामगारांसमोर तयार झाली, आणि सरकारनं त्यांच्या तमाशांवर बंदी घातली ती काही चाल आवडली नाही म्हणून नाही. किशोरकुमारनं आणीबाणीत सरकारसाठी गायला नकार दिला तर रेडिओवर त्याची गाणी लावणंच बंद झालं. देव आनंदनं १९७९ ला स्वतःचा पक्षच काढला, चालला नाही, पण काढला.

आता कुणी म्हणेल अमेरिकेचं कौतुक पुरे. कौतुक नाहीच. मी राहते त्या राज्यात पॉल रोबसन जन्मला, १८९८ साली प्रिन्सटनला. रटगर्स विद्यापीठाचा देशभर गाजलेला अमेरिकन फुटबॉल खेळाडू, मग जगभर गाजलेला गायक, नट. त्यानं सोव्हिएत रशियाबद्दल चांगलं बोलायचं सोडलं नाही, तर १९५० ला त्याचा पासपोर्ट काढून घेतला, आठ वर्षं त्याला देशाबाहेर जाऊ दिलं नाही, इथे हॉल मिळेनात. १९५८ ला त्याचा साठावा वाढदिवस भारतात साजरा झाला, नेहरूंनी जाहीर पाठिंबा दिला, आणि त्याच्या स्वतःच्या देशात कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला १९९५ ला घेतलं, मेल्यावर १९ वर्षांनी. आणि १९४९ ला इथल्या संसदेच्या चौकशी समितीपुढे त्याच्या विरोधात बोलायला कुणाला बोलावलं होतं? जॅकी रॉबिन्सनला. तो गेला आणि बोलला. पुढे आयुष्याच्या शेवटी, १९७२ च्या आत्मचरित्रात रॉबिन्सननं लिहिलंय की रोबसनबद्दलचा आपला आदर वाढला आहे. म्हणजे बघा, एकाच माणसाच्या बाबतीत १९४९, १९६०, १९६४, १९६८, १९७२, यातलं कुठलं एक साल उचलून तुम्ही तो आमचा म्हणणार?

पक्ष तरी कुठे जागेवर राहतात. १९७७ चा जनता पक्ष म्हणजे समाजवादी, जनसंघ, संघटना काँग्रेस, लोकदल सगळे एका झेंड्याखाली, मावसभावाला त्यातला जनसंघ दिसतो, मला पुलंच्या आसपासचे समाजवादी दिसतात. आणि २०२२ पासून तर शिवसेना म्हटलं की आधी कुठली ते विचारावं लागतं.

त्यावरून दादा कोंडके आणि निळू फुले. दोघंही राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले, एकाच तालमीतले म्हणा ना. १९७१ ला सोंगाड्या आला, दादा हिरो, निळूभाऊ त्यात होतेच, आणि दादरच्या कोहिनूर थिएटरनं पिक्चर लावायला नकार दिला, कारण तिथे देव आनंदचा पिक्चर लागणार होता. दादा बाळासाहेबांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर गेले, सोंगाड्या लागला आणि धो धो चालला. दादा तिथून शिवसेनेचे झाले ते शेवटपर्यंत, सेनेच्या सभांतून बोलले. ज्याच्या पोटावर पाय येत होता त्याला ज्यानं हात दिला, त्याचा तो झाला, यात मला काही वावगं दिसत नाही. निळूभाऊ समाजवादीच राहिले, पडद्यावर सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि बाहेर डॉ. लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसे गोळा करत फिरले. मी मराठी मनात एकाला पूर्ण आणि दुसऱ्याला अर्धी जागा देऊ शकत नाही, दोघं तितकेच आमचे.

इथे हॉलिवूडच्या नटांची अशीच एक जोडी होती, हेन्री फोंडा आणि जेम्स स्टुअर्ट. धडपडीच्या दिवसांत न्यूयॉर्कला एका खोलीत राहिलेले, फोंडा पक्का डेमोक्रॅट, स्टुअर्ट पक्का रिपब्लिकन. चाळीसच्या दशकात एकदा राजकारणावरून एवढं भांडले म्हणे की हाणामारी झाली, तेव्हापासून ठरवलं की हा विषय आपल्यात काढायचा नाही. मग एकत्र बसून लाकडी खेळण्यातली विमानं बनवायचे. १९८२ ला फोंडा जाईपर्यंत ही दोस्ती टिकली. मला ती विमानं फार आवडतात, पण एक सांगते, त्यांनी विषय आपापसात बंद केला, जगापासून लपवला नाही. फोंडा कुठला आणि स्टुअर्ट कुठला हे सगळ्यांना माहीत होतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिणार होते, पण त्याआधी पुण्याला मामाला फोन केला. मामा १९७७ ला कॉलेजात होता आणि पुलंच्या सभेला गेला होता. मी विचारलं, काय बोलले रे? तो म्हणाला, शब्द आठवत नाहीत आता, पण शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, ते आधी हसत होते आणि मग हसता हसता रडायला लागले, ते आठवतं. निवडणूक जिंकल्यावर पुलं परत आपल्या लिहिण्याकडे गेले, खुर्चीबिर्ची काही मागितली नाही, हेही तो दोनदा म्हणाला. मग १९९६ चा विषय निघाला. मामा त्या काळात युतीचा मतदार, मला माहीत होतं. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, मला राग आला होता पुलंचा तेव्हा, पण त्या दिवशीचा पेपर मी टाकला नाही, माळ्यावर असेल बघ कुठेतरी, तू दिवाळीत आलीस की काढू.