दहा गुंठ्यांचा भराव : एका प्रतिक्रियेला उत्तर

वादळी समुद्रकिनाऱ्यांवरच्या बांधकाम नियमांतून पंचगंगेच्या पूररेषेसाठी काय घ्यावं, या लेखावर तुम्ही लिहिलंत, "कोल्हापूरला ना समुद्र ना वादळ. भराव टाकून जोतं लाल रेषेच्या वर घेतलं की विषय संपला. नियम तरी दुसरं काय सांगतो?" शिवाय पूररेषेत आलेल्या जमिनीला किंमत राहत नाही, अशी तक्रारही केलीत.

निम्मं खरं आहे. फ्लोरिडात लाट आदळते आणि पायाखालची वाळू ओढून नेते. आपल्याकडे कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो आणि पाणी दिवसच्या दिवस उभं राहतं. म्हणून तिथले नियम उचलून इथे लावा असं म्हटलेलं नाही. हिशेब करायची रीत तेवढी घेण्याजोगी आहे.

निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. राज्याच्या २०२०च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात नवी इमारत नाही. बाग, पार्किंग, उघडी भाजी मंडई असले वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं. ते कशावर उभं करायचं, हे हा आकडा सांगत नाही. डंपर तिथूनच आत शिरतात!

दहा गुंठ्यांवर सहा फूट भराव टाकला तर ६५,३४० घनफूट, म्हणजे साधारण ६५३ ब्रास मुरूम. तेवढ्या जागेत साडेअठरा लाख लिटर पाणी मावत होतं, ते आता शेजारच्या गल्लीत जागा शोधणार. एका प्लॉटनं पुराची पातळी केसभरही वाढत नाही, कबूल. पण प्रत्येक जण हेच सांगून परवानगी मागतो. अमेरिकेच्या पूरविमा कार्यक्रमात उलटीकडून मोजतात. नदीच्या दोन्ही काठांचं पूरक्षेत्र भरून टाकलं असं आधीच धरायचं आणि तरीही पातळी एक फुटापेक्षा जास्त चढणार नाही एवढा वाहता पट्टा मोकळा राखायचा. लाटांच्या पट्ट्यात तर इमारतीला आधार म्हणून भराव चालतच नाही, खांबच लागतात.

आपल्याकडेही खांब घ्या, खाली पार्किंग मोकळं ठेवा. गोम पुढे आहे. भोगवटा प्रमाणपत्र हातात पडलं की खांबांच्या मध्ये विटा चढतात, वॉचमनची खोली होते, मग गोदाम. पाण्याच्या दृष्टीनं तो भरावच झाला. तिथे आडोशाला जाळीखेरीज काही नको. वीजमीटर, लिफ्टचा कंट्रोल पॅनेल, जनरेटर पहिल्या मजल्यावर न्या, आणि पूर चढायला लागला की लिफ्ट वर नेऊन बंद करा.

दुसरी चूक फुटांची. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३; २०१९ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. हे फूट त्या बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे, तुमच्या जोत्याचे नव्हेत. लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते आणि नदीला उतार असल्यानं ती जागोजागी बदलते. आपल्या प्लॉटसमोरची पातळी पाटबंधारे खात्याकडून घ्या आणि सर्व्हेअरकडून बेंचमार्कवरून (उंची आधीच ठरलेल्या खुणेवरून) लेव्हल काढून घ्या. शेजारच्या भिंतीवर २०१९ची खूण असेल तर तीही त्याच फेरीत मोजा. खूण लाल रेषेच्या वर निघाली तर जोतं खुणेवरून धरा, कागदावरून नको.

आणि जोतं कितीही उंच असो, शहरातून पंचगंगेला मिळणाऱ्या जयंती नाल्याला उलटं पाणी लागलं की खालच्या मजल्यावर पूर दाराआधी संडासातून येतो. ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, बसवा. मे महिन्यात तो उघडून साफ करा, कारण चिंधी किंवा प्लास्टिक अडकलं तर झाकण अर्धवट उघडं राहतं आणि व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा.

राहिली जमिनीच्या किमतीची तुमची तक्रार. प्लॉट विकास क्षेत्रात असेल आणि त्याचा काही भागच निळ्या रेषेत येत असेल, तर त्या भागाचा एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) उरलेल्या जागेवर वापरता येतो. ही सोय वापरा, भरावापेक्षा स्वस्त पडते. अख्खा प्लॉटच निळ्या रेषेत असेल तर मात्र उरलेली जागाच नाही, आणि त्या मालकांपुरतं तुमचं म्हणणं मला मान्य आहे.