स्थिर कॅमेरा आणि समोर बघणारे देव

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि रोखठोक आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांत पात्रं प्रेक्षकांकडे तोंड करून उभी असतात, त्यामागे त्या काळचा समाज आणि घराघरांतल्या तसबिरी आहेत, असं मी लेखात म्हटलं होतं. तुम्ही म्हणता, कॅमेरा तिवईवर खिळलेला, मग माणसं समोर उभी राहणार नाहीत तर काय करणार? साध्या तांत्रिक अडचणीवर मी समाजशास्त्र चढवलं, आणि वर फाळक्यांची प्रतिभा काळाच्या खात्यावर जमा केली, हा तुमचा दुसरा आक्षेप.

पहिल्या आक्षेपाचं उत्तर सिनेमाच्या अगदी आरंभीच सापडतं. सिनेमाची सुरुवात करणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीचा चित्रपट तुम्ही नक्की पाहिला असेल. त्यातही कॅमेरा जागचा हलत नाही. पण तो फलाटाच्या कडेला असा लावलाय की गाडी दूरवरून लहानशी दिसते, तिरकी पुढे येत मोठी होत जाते आणि डावीकडून चौकटीबाहेर जाते. उतरलेले लोक कॅमेऱ्याच्या अगदी जवळून निघून जातात. चौकटीला केवढी खोली आहे! ल्युमिएर घराण्याचा फ्रान्समधल्या ल्यों शहरात फोटोच्या काचा बनवण्याचा कारखाना होता, आणि रस्त्यावरचा, सहलीतला चालता क्षण टिपण्याची हौस तिकडच्या मध्यमवर्गात रुजत होती. ती नजर त्या चित्रपटात आहे. म्हणजे स्थिर कॅमेरा तिरकंही बघू शकतो. त्याला समोरासमोर कोण बघायला लावतं, हा माझा प्रश्न होता.

फाळके सिनेमाकडे आले ते छपाईच्या धंद्यातून. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, चित्रकार राजा रविवर्म्यांची चित्रं छापणाऱ्या, लोणावळ्याजवळच्या रविवर्मा प्रेसशी आलेला संबंध, रंगीत छपाई शिकण्यासाठी केलेली जर्मनीची वारी, एवढं सगळं 'राजा हरिश्चंद्र'च्या, म्हणजे त्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या आधीचं. १८९४ मध्ये गिरगावात सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या त्या प्रेसमधून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं आठवून बघा. कमळावरची लक्ष्मी थेट तुमच्याकडे बघते. ही चित्रं नुसती भिंतीवर लटकत नव्हती. ती देवघरात गेली, त्यांच्या काचेवर हळदकुंकू लागलं, हार चढले. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही घरात छापील देव पोचू शकला, आणि मला ही गोष्ट फार मोठी वाटते. देवाने आपल्याकडे बघावं, ही त्या बघणाऱ्यांची अपेक्षाच होती. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' बघायला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये जमलेला प्रेक्षक ती अपेक्षा घरून घेऊन आला होता.

आता 'कालिया मर्दन' बघा, १९१९ चा. सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी दिसते, चेहरा जवळून घेतलेला. लहानगी एकामागून एक भाव करून दाखवते, आणि मग त्याच मुलीचा डोळ्यांदेखत बाळकृष्ण होतो. पुढे यमुनेच्या पाण्याखालची कालियाशी झुंज आहे. इतक्या ट्रिक जमणाऱ्या, चेहऱ्याजवळ कॅमेरा नेणाऱ्या माणसाला कॅमेरा तिरका लावता येत नव्हता, असं म्हणणं मला पटत नाही. त्याने समोरची चौकट निवडली.

तुमचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे: तेव्हाच्या फिल्मला भरपूर उजेड लागायचा. चित्रीकरण उन्हात व्हायचं, त्यामुळे सावल्यांचा खेळ करणं अवघड होतं. हे मान्यच. पण उन्हावरून चित्र उजळ का हे कळतं, पात्रं कुणाकडे बघतात हे कळत नाही. आणि 'राजा हरिश्चंद्र'मधली राणी तारामती? ती साळुंके नावाच्या पुरुषाने केली, कारण कॅमेऱ्यासमोर यायला बाई मिळेना. पडद्यावरच्या त्या चेहऱ्याचं, त्या चालीचं कारण कुठल्याही लेन्समध्ये सापडणार नाही.

प्रतिभेबद्दलही माझं मत स्पष्ट आहे. रविवर्मा प्रेसशी संबंध आलेले फाळके एकटे नव्हते. तो सगळा ऐवज पडद्यावर हलता करण्याचं धाडस, त्यासाठी घरदार पणाला लावणं, ते त्यांचंच. त्यातलं काहीही मी काढून घेत नाही.

तरीही शंका उरत असेल तर १९३७ साल घ्या. त्या वर्षी फाळक्यांचा एकमेव बोलपट आला, कोल्हापुरात तयार झालेला 'गंगावतरण'. त्याच वर्षी पुण्याहून प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांतारामांनी दिग्दर्शित केलेला 'कुंकू' आला. दोन्ही बोलपट, एकाच मुलखातले. एकात अजून गंगा आकाशातून उतरते. दुसऱ्यात कॅमेरा घराच्या आत शिरतो: आरसा, घड्याळ, बंद खोल्या, म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली आणि ते लग्न नाकारणारी नीरा, आणि तिच्यासमोर आपलं वय पाहावं लागलेला तिचा नवरा, म्हणजे केशवराव दाते. पार्श्वसंगीत नाही, घरात आणि रस्त्यावर उमटतात तेच आवाज. हा फरक कशाने पडला? जरठ-कुमारी विवाहाचा, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्याचा वाद 'संगीत शारदा' या नाटकापासून, म्हणजे १८९९ पासून, महाराष्ट्रात चालू होता. १९२९ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा झाला. ज्या प्रेक्षकाच्या घरात हे वाद जेवताना होत होते, त्याच्यासाठी देवाच्या नजरेइतकीच घरातल्या बाईची नजरही महत्त्वाची झाली होती. शांतारामबापूंनी ती बरोबर ओळखली आणि नीरा झालेल्या शांता आपट्यांच्या चेहऱ्यावर आणली.

या दोन चित्रपटांतलं अंतर निव्वळ यंत्रांच्या हिशेबाने तुम्ही कसं मोजाल, हे वाचायला मला खरोखर आवडेल. जरूर लिहा.