खुलासा: सात वर्षांच्या सेवेनंतर वर्षभराची रजा आपोआप मिळत नाही

'सात वर्षे सेवा झाली की शिक्षकाला वर्षभराची पूर्ण पगारी रजा आपोआप मिळते, मुख्याध्यापकांना फक्त कळवावे लागते,' हा सध्या फिरणारा संदेश चुकीचा आहे. हार्वर्ड विद्यापीठाने १८८० साली सुरू केलेली सबॅटिकलची, म्हणजे काही वर्षांच्या सेवेनंतर अभ्यासासाठी मिळणाऱ्या दीर्घ रजेची, प्रथा प्राध्यापकांसाठी होती; शालेय शिक्षकांच्या बाबतीत सेवेची अट, पगाराचे प्रमाण आणि रजेनंतर परत रुजू होण्याचे बंधन नियोक्त्याच्या सेवानियमांवरच ठरते, आणि अनेक ठिकाणी अशी रजा मुळी नसतेच. जिथे ती आहे, तिथे पर्यायी शिक्षक नेमता यावा म्हणून शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, अभ्यासाच्या आराखड्यासह लेखी अर्ज करावा लागतो. लेखी मंजुरी हाती येण्यापूर्वी, कृपया, कोणीही वर्ग सोडू नये.