दोन स्टार दिलेल्या पाहुण्यांना, म्हापशाहून

नमस्कार. तुम्ही अबू धाबीहून सुट्टीवर आलात, ऑगस्टमध्ये दोन दिवस आमच्या ब्राझिलियन जुजुत्सूच्या वर्गाला आलात आणि दोन स्टार देऊन लिहिलंत: गादीला कुबट वास, ब्लू बेल्ट असून अर्धा तास पडायला शिकवलं, रोल (सरावाची झुंज) मध्येच थांबवला, भारतात ग्रॅपलिंग (धरून-पाडून लढणं) म्हणजे नुसती ताकद, परदेशाच्या मानाने दर्जा शून्य. तुम्ही चारचौघांत लिहिलंत, मीही चारचौघांतच उत्तर देतो.

वास होता. त्या आठवड्यात ऊन दिसलंच नव्हतं, फिनाइलने पुसून पंखे लावले की झालं असं आम्ही धरून चाललो होतो. तुमचं वाचून कोपऱ्यातल्या गाद्या उचलल्या, तर खाली काळी बुरशी. सहा गाद्या फेकून दिल्या. आता दर रविवारी सगळ्या भिंतीला उभ्या करून वाळवतो. ओलसर, अस्वच्छ गादीवरून गजकर्ण वर्गभर फिरतं, त्यामुळे ही चूक लहान नाही, आणि ती माझी.

पडणं पहिल्या दिवशी सगळ्यांनाच करावं लागतं, बेल्ट कुठलाही असो. पण हे फोनवर आधी सांगायला हवं होतं. त्या दिवसाचे पाचशे रुपये परत पाठवतो.

रोल थांबवला त्याची मात्र माफी मागणार नाही. समोरचा मुलगा १७ वर्षांचा, वर्गात येऊन तीन आठवडे झालेले. तुम्ही त्याची टाच काखेत घेतलीत आणि पिळायला लागलात. तो हसत होता, कारण त्याला काही दुखतच नव्हतं. टाच पिळायच्या या डावाची, हील हुकची, मेख हीच, दुखायच्या आत गुडघ्यातलं लिगामेंट जाऊ शकतं, नवख्याला टॅप करायचं, म्हणजे हात आपटून हार मानायचं, सुचत नाही. आयबीजेजेएफ या जुजुत्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांतसुद्धा हा डाव प्रौढ गटातल्या ब्राऊन आणि ब्लॅक या सर्वांत वरच्या बेल्टनाच, तोही गी (जाड सुती गणवेश) नसताना, आणि तेही २०२१ पासून. तुमच्या अंगावर गी होता आणि कमरेला निळा पट्टा. मी जरा मोठ्याने ओरडलो, ते खरं.

आता दर्जाचं. परदेश म्हणजे नेमका कुठला? जपानात ज्युदोचा ब्लॅक बेल्ट शाळकरी मुलांकडेही दिसतो. शोदान म्हणजे पहिली पायरी. ब्राझिलियन जुजुत्सूत त्याच रंगासाठी लोक दहा-दहा वर्षं घासतात. मूळ मात्र एकच. कोदोकान या ज्युदोच्या मूळ शाळेचे मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले, त्यांच्याकडून ज्युदो तिथल्या ग्रेसी घराण्यात गेलं आणि त्याचंच ब्राझिलियन जुजुत्सू झालं. तुमच्या अबू धाबीत सरकारी शाळांत जुजुत्सू शिकवतात. आमच्याकडे पोरं वर्ग संपल्यावर, आई न्यायला येईपर्यंत, गादीच्या कडेला बसून गृहपाठ करतात. फ्रान्समध्ये सरकारमान्य डिप्लोमाशिवाय पैसे घेऊन ज्युदो शिकवता येत नाही. इथे कुणीही गाळा भाड्याने घेतो, गाद्या टाकतो आणि ‘मास्टर’ होतो, विचारणारं कोणी नाही. तुम्ही यावर लिहिलं असतंत, तर मी खाली सही केली असती. माझा स्वतःचा बेल्ट ब्राऊन आहे, दारावरच्या पाटीवरही तसंच लिहिलंय.

‘नुसती ताकद’ तुम्ही ज्याला म्हटलंत, तो कोल्हापूरच्या तालमीत नऊ वर्षं मातीत घोळलाय. त्याने तीनदा तुमचा पट काढला. पट काढणं, म्हणजे पाय धरून पाडणं, हे टेक्निकच आहे, फक्त त्याला रंगीत पट्टा मिळत नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, तेव्हा त्यांच्याही कमरेला काही नव्हतं. आणि गंमत बघा, ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आता हाताने पाय धरायला बंदी आहे, त्यामुळे टोकियोचा एखादा ब्लॅक बेल्टही या पोरासमोर पहिल्यांदा गोंधळला असता. उलट, पाठ लागली की कुस्ती संपली हे त्याच्या हाडात मुरलंय. म्हणून खाली गेला की तो पोटावर वळतो आणि मान तुमच्या हातात देतो. तुम्ही तिथे त्याला दोनदा चोक (गळा आवळायचा डाव) लावलात, आणि छान लावलात. पहिल्या महिन्यात तर वर्गातली १५ वर्षांची मुलगी त्याला रोज टॅप करायला लावायची, आणि हा उठून म्हणायचा, ‘पण पाठ कुठं लागली?’

तुमच्या त्या चोकबद्दल तो अजून विचारतो.

चवथीचे पाच दिवस वर्ग बंद आहे. नंतरच्या शनिवारी सकाळी साडेसहाला ओपन मॅट, म्हणजे सगळ्यांसाठी खुला सराव, ठेवलंय. सुट्टी तोवर असेल तर या, त्या दिवशी फी नाही. काहीही धरा, टाचा सोडून.